दोन पंचम्यांमधले दिवस

माघ वद्य पंचमीपासून फाल्गुन वद्य पंचमीपर्यंत कधी एकोणतीस दिवस होतात, कधी तीस. मी मोजले आहेत. पहिल्या पंचमीला उज्जैनमध्ये महाकालाला हळद लागते आणि शिवरात्रीच्या लग्नाची तयारी सुरू होते. दुसरी पंचमी म्हणजे रंगपंचमी. माळव्यात या मधल्या दिवसांइतके सुखाचे दिवस नाहीत, असं सगळे म्हणतात. सकाळी अंगावर स्वेटर लागतो आणि दुपारी तो खांद्यावर टाकून हिंडावं लागतं. नानाखेड्याच्या पुढे गेलं की गव्हाची शेतं पिवळी पडू लागलेली दिसतात. फ्रीगंजमध्ये हातगाड्यांवर हरभऱ्याचे हिरवे डहाळे येतात. इथे त्यांना छोड़ म्हणतात. लोक चालता चालता सोलतात, खातात आणि टरफलं रस्त्यावर टाकतात.

मला मात्र हे दिवस जड जातात. कुणीतरी घरात वावरतं आहे असं वाटत राहतं. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. बावीस वर्षं सरकारी कचेरीत तक्ते तपासण्याचं काम केलं आहे. बेरीज आडवी आणि उभी जुळली की माझं समाधान होतं. तरीसुद्धा या दिवसांत सकाळी नऊच्या सुमारास मला अंगणात सायकल लावल्याचा आवाज ऐकू येतो. खरं सांगायचं तर ऐकू येत नाही. माझे वडील, नाना, सायकल स्टँडवर इतकी हळू चढवत की आवाज व्हायचाच नाही. तो न झालेला आवाज मला ऐकू येतो.

नाना रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. दिवसभर आरडाओरडा चाले अशा जागी त्यांनी छत्तीस वर्षं काढली, पण त्यांचा आवाज वाढलेला कुणी ऐकला नाही. दार लावताना ते कडीखाली बोट धरत, म्हणजे कडी आपटू नये. गल्लीत कुत्रं आडवं झोपलेलं असलं तर सायकलवरून उतरून बाजूने जात. घरी टेलिफोन आला तेव्हा ते रिसीव्हर असा धरत, जणू त्यात कुणी झोपलं आहे. आजी, म्हणजे त्यांची आई, म्हणायची, "दत्तू पोटात असतानासुद्धा कधी लाथ मारली नाही यानं."

त्यांना एखादी गोष्ट पटली नाही की ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत. एवढाच त्यांचा विरोध. मला लहानपणी वाटे की नानांचा चष्मा फार लवकर मळतो.

आम्ही मूळचे नगरकडचे. नानांच्या नोकरीमुळे उज्जैनला आलो आणि दोनच वर्षांत आजोबा गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. दहाव्याला आणि तेराव्याला जे काही झालं ते राम घाटावरच्या एका पंडितजींच्या हातून झालं, कारण इथे आमच्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं. सगळं आटोपल्यावर पंडितजींनी एका चिठ्ठीवर तिथी लिहून दिली: फाल्गुन कृष्ण पंचमी. घरात एक वही होती. तीत जन्मवेळा, मुंजी, लग्नं, सगळं लिहिलेलं असे. आजोबा ती लिहीत. ते गेल्यावर ती वही कुणी लिहावी हा प्रश्न आला, आणि माझं अक्षर वळणदार म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी चिठ्ठी समोर ठेवली. कृष्ण म्हणजे आपलं वद्य, हे मला शाळेत शिकवलं होतं. मी मोठ्या ऐटीत लिहिलं: फाल्गुन वद्य ५. खाली पट्टीने दोन रेघा मारल्या.

चूक तिथेच झाली. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर इथल्या हिंदी माणसांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्षात ते आपल्या एक महिना पुढे असतात. आपण ज्याला माघ वद्य म्हणतो त्याला ते फाल्गुन कृष्ण म्हणतात. आकाशातला चंद्र तोच, दिवस तोच, कागदावर महिना वेगळा. इथे दोन पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. आम्ही नवे होतो. शिवाय पुढच्या वर्षी अधिक महिना आला आणि सगळेच सण उशिरा आले, म्हणून तिथी महिनाभर पुढे गेल्याची शंका कुणाला आली नाही. वहीत रंगपंचमी निघाली, म्हणून आजोबांचं श्राद्ध रंगपंचमीला होऊ लागलं.

ज्यांनी उज्जैनची रंगपंचमी पाहिली आहे त्यांना आमच्या घराचा तो दिवस कसा जाई याची कल्पना येईल. बाहेर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघालेली, निशाणं आणि ढोल, गच्च्यांवरून पिंपच्या पिंप रंग खाली ओतला जातो आहे. आत आम्ही खिडक्या लावून सोवळ्यात बसलेलो. वडे, खीर, आमसुलाची चटणी. दाराबाहेर आई पाट आडवा लावून उभी राही, कारण रंग उडाला तर सगळा स्वयंपाक पुन्हा. दार वाजलं तर आजी आतून हिंदीत ओरडे, "आमच्या यहाँ नहीं है रंग-बिंग." मी वयाच्या बाराव्या वर्षापासून रंगपंचमी खेळलो नाही. मला त्याचं दुःखही नव्हतं. नियम म्हणजे नियम.

आई पुढे श्रावणात गेली, शुद्ध पक्षात. तिच्या तिथीचा घोळ होणं शक्यच नव्हतं.

मग माझं लग्न झालं, केतकी झाली. तिला मात्र दुःख होतं. ती सात वर्षांची होती, पहिलीत होती, आणि वर्गातल्या सगळ्या मुली ज्या दिवशी खेळतात त्या दिवशी आपल्याच घरी खिडक्या का लावतात हे तिला समजत नव्हतं. तिचं मराठी इथल्या मुलांसारखं, निम्मं हिंदी. "आजी, मला पण खेळना आहे," असं माझ्या आजीला म्हणायची. आजी म्हणायची, "ही पोर बोलते की भजी तळते? एक मराठी, एक हिंदी, सगळं एकाच कढईत." पण तिला मांडीवर घेऊनच म्हणायची.

त्याच वर्षी आमच्या कचेरीत कम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली केली होती आणि आत जाताना देवळात काढतात तशा चपला बाहेर काढाव्या लागत. एका सहकाऱ्याने फ्लॉपीवर मराठी पंचांगाचा प्रोग्राम आणला. इंग्रजी तारीख घातली की तिथी सांगतो. दुपारच्या सुट्टीत आम्ही रांग लावून आपापल्या जन्मतिथी काढल्या. नानांच्या पेटीत आजोबांचा मृत्यूचा दाखला होता. दुसऱ्या दिवशी मी त्यावरची तारीख घेऊन गेलो. कम्प्युटरने लिहिलं: माघ वद्य ५. मी पुन्हा घातली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घालताना माझ्या सगळं लक्षात आलं होतं. प्रिंटरमधून कडेला भोकं असलेला तो लांब कागद बाहेर येत होता आणि मला मनापासून आनंद झाला होता. हे लपवण्यात अर्थ नाही. एक चूक सापडली होती, तीही पंचवीस वर्षं कुणाला न सापडलेली, आणि तिच्यामुळे माझ्या मुलीला रंग खेळता येणार होता.

होळी दोन दिवसांवर आली होती. मी घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मधल्या खोलीत आजी सुपात उडीद निवडत होती, रंगपंचमीच्या वड्यांसाठी. केतकी तिला टेकून बसली होती. नाना खुर्चीवर बसून हरभरे सोलत होते. सोललेला दाणा केतकीच्या वाटीत आणि टरफल मांडीवरच्या कागदात.

मी कचेरीत बोलतो तसा बोललो. म्हणालो, नाना, एक मोठी गडबड सापडली आहे, आजोबांच्या तिथीत.

नानांचे हात थांबले. ते म्हणाले, "नंतर बोलू."

मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. मी कागद उलगडला आणि अमावास्या, पौर्णिमा, कृष्ण, वद्य, सगळं समजावून सांगितलं. नानांनी दोनदा माझ्याकडे पाहत मान हलवली. ती मान "कळलं" म्हणून हलत नव्हती, "थांब" म्हणून हलत होती. हे मला आता दिसतं. तेव्हा मी कागदाकडे बघत होतो.

आजी ऐंशी वर्षांची होती. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, म्हणजे खरी तिथी कधी? मी म्हणालो, झाली. गेल्याच महिन्यात.

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "पंचवीस वर्षं मी पान मांडलं. आणि जेवणारा महिनाभर आधी दाराशी येऊन परत गेला."

मी म्हणालो, तसं नसतं, भाव महत्त्वाचा. मला स्वतःलाच ते वाक्य पटलं नाही. बेरीज चुकली तर भाव महत्त्वाचा असं मी कुणाला म्हणू दिलं नसतं.

तेव्हा नाना बोलले. त्यांनी एका वेळी इतकी वाक्यं बोललेली मी फार वेळा ऐकली नाहीत. "परत नाही गेले, आई. मी जातो त्या दिवशी राम घाटावर. तीळ सोडतो, शिधा देतो. मला कळल्यापासून एकही वर्ष चुकलं नाही. या वर्षीही जाऊन आलो."

आजीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या पाहण्यात राग नव्हता. म्हणाली, "दत्तू, माझ्या डोळ्यांना पट्टी होती तेव्हा तू रोज सांगायचास, मामा बरा आहे. पट्टी काढली तेव्हा त्याला जाऊन बारा दिवस झाले होते."

हे खरं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजीने रडू नये, म्हणून नानांनी तिच्या भावाच्या मृत्यूची तार खिशात ठेवली होती. सकाळ-संध्याकाळ ते तिला मामांची खुशाली सांगत. कुणाला दुखू नये म्हणून हा माणूस खोटं बोलू शकतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या भलेपणाचं ते उदाहरण म्हणून पाहुण्यांना सांगितलं जाई.

मग आजी माझ्याकडे वळली.

"शरद, तू खोटं बोलत नाहीस. तू सांग. हा जात होता का?"

आता इथे मला जे माहीत होतं ते तंतोतंत लिहितो. मी माझ्या लहानपणी आणि पुढेही, काही सकाळी नानांच्या सायकलच्या हँडलवर ओला पंचा पाहिला होता. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी काळे तीळ चिकटलेले पाहिले होते. दोनदा की चारदा, ते आठवत नव्हतं. कोणत्या महिन्यात, ते आठवत नव्हतं. आईची तिथी श्रावणात असे, सर्वपित्री भाद्रपदात असे. ते तीळ त्याही दिवसांचे असू शकत होते. थंडी होती का, हेसुद्धा मला खात्रीने सांगता आलं नसतं. मी तो प्रश्न तपासला आणि उत्तर दिलं.

"मला नक्की सांगता येणार नाही, आजी."

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी केतकीकडे पाहिलं. वाटीतले सगळे हरभरे तिच्या ओंजळीत ओतले आणि म्हणाले, "जा बाळ, बाहेर जाऊन खेळ." ती गेली. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

त्याच संध्याकाळी मी ती वही काढली. फाल्गुन वद्य ५, दोन रेघा, माझं अकरा वर्षांचं अक्षर. समासात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. कुणी पेन्सिल टेकवून पुन्हा उचलली असावी तसा. तो कशाचाही असेल. मी नानांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं? ते म्हणाले, तिसऱ्या वर्षी. नगरच्या पाहुण्यांना घाटावर घेऊन गेले होते, तेव्हा त्याच पंडितजींनी हाक मारली होती, "अच्छा किया बाबूजी, पिताजी की तिथि पर आ गए।" नानांनी तिथेच त्यांच्याकडून दर्भ आणि तीळ मागून घेतले होते. मग घरी का नाही सांगितलं? नाना म्हणाले, "आईला काय सांगणार?" वहीकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिसऱ्या वर्षी मी चौदा वर्षांचा होतो, आणि तिथी लिहिण्याचा मान मी सगळ्या नातेवाइकांत मिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राम घाटावर गेलो. मला साक्षीदार हवा होता. शिप्रेचं पाणी खाली गेलं होतं, पायऱ्यांवर शेवाळाच्या हिरव्या रेघा उघड्या पडल्या होत्या. यात्रेकरूंची गर्दी बेताची होती. पंडितजींची छत्री मला सापडली, पण पंडितजी आदल्या पावसाळ्यात वारले होते. छत्रीखाली त्यांचा मुलगा बसला होता, माझ्याच वयाचा. मी नानांचं वर्णन केलं: उंच, बारीक, चष्मा, सायकल. त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "पिताजी जानते होंगे, बाबूजी। इस बार तो मैं ही था, पर इतने लोग आते हैं। झूठ क्यों बोलूँ।"

तो हो म्हणाला असता तरी चाललं असतं. पण तोही माझ्यासारखाच निघाला.

त्या वर्षी रंगपंचमीला श्राद्ध नव्हतं. नानांनी दोन दिवस आधी कुठून तरी पळसाची फुलं आणली होती. इथे त्यांना टेसू म्हणतात. ती मोठ्या पातेल्यात उकळून त्यांनी बादलीभर केशरी रंग केला. आजोबा असताना नाना असाच रंग करायचे, हे मला त्या दिवशी आठवलं. खिडक्या उघड्या होत्या. बाहेर ढोल वाजत होते. पण आजी सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि केतकी पिचकारी घेऊन तिच्या पायाशी बसून राहिली. "खेळना नाही मला," म्हणाली. शेवटी तिने बादलीत एक बोट बुडवलं, नानांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर टेकवलं आणि परत आजीजवळ जाऊन बसली. बादली संध्याकाळपर्यंत अंगणात तशीच होती. ऊन उतरलं तसा रंग काळसर दिसू लागला. मग नानांनी ती उचलली आणि एकदम न ओतता, आवाज न करता, थोडी थोडी करून तुळशीच्या पलीकडे ओतली.

आजी त्यानंतर दहा महिने जगली. नानांशी ती पूर्वीसारखीच बोलायची, मायेने. पण रोज जेवायला बसली की पहिला घास एका लहान वाटीत काढून मधल्या खोलीच्या खिडकीत ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, चिमण्यांना. पुढच्या माघात खऱ्या तिथीला आपण स्वतः स्वयंपाक करणार, असं तिने ठरवलं होतं. वड्यांचे उडीद आतापासून वेगळे काढ, असं तिने हिला, माझ्या बायकोला, दोनदा बजावलं होतं. पौषातच ती गेली. माघ वद्य पंचमीला तेवीस दिवस बाकी होते.

त्या तेवीस दिवसांचं मी काय करू? ते कोणत्याही रकान्यात बसत नाहीत.

नाना नंतर चार वर्षं होते. गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत गेले. त्या भोंग्यांवर ते घड्याळ लावत, मग टीव्हीवर लावू लागले. घरात केबल आली, गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं दुकान आलं, आम्ही नानाखेड्याकडच्या कॉलनीत राहायला गेलो. जुन्या घरातली खिडकीतली वाटी हिने सामानात घेतली आणि नव्या घरातल्या खिडकीत ठेवली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. माघ वद्य पंचमीला नाना आता सांगून जात. "जाऊन येतो," एवढंच. मी एकदाही बरोबर गेलो नाही. कचेरी असे. ते मला "चल" म्हणाले नाहीत, आणि मला वाटतं, मी विचारलं असतं तर "कशाला, तुला उशीर होईल" म्हणाले असते.

गेल्याच्या गेल्या वर्षी कार्तिकात ते गेले. शुद्ध पक्षात, जिथे कुणाचाही महिना चुकू शकत नाही. त्यांनी तेवढी काळजी घेतली असावी, असं मला कधी कधी वाटतं.

पहिलं वर्ष घरात दुसरं श्राद्ध करत नाहीत, म्हणून या वर्षी पहिल्यांदा मी आजोबांसाठी घाटावर गेलो. नातवाला ते करावंच लागतं असं नाही, हे मला माहीत आहे. पाणी थंड होतं. पंडितजींच्या मुलाने सांगितलं तसे अंगठ्याच्या बाजूने तीळ सोडले. ते सगळे पाण्यात जात नाहीत. काही हाताला चिकटून राहतात आणि पुसले तरी पुन्हा कुठून तरी निघतात. आजोबांचं नाव घेतलं, नानांचं घेतलं, मग आजीचं घेताना मी अडखळलो. पंडितजींच्या मुलाला वाटलं गोत्र विसरलो.

घरी आलो तेव्हा केतकी अभ्यासाला बसली होती. ती आता तेरा वर्षांची आहे, सातवीत. हिने तिला शाळेत सोडायला सांगितलं. मी स्कूटर काढली. ती मागे बसता बसता थांबली आणि ब्रेकवरच्या माझ्या हाताकडे बघू लागली.

"बाबा, तुमच्या पण हाताला तीळ लागले."

मी म्हणालो, पण म्हणजे?

"आबांच्या लागलेले असायचे ना." नानांना ती आबा म्हणायची. "ते मला सायकलवर पुढे बसवायचे, तर घंटीवर त्यांचा अंगठा असायचा. मी मोजायची. एकदा नऊ होते."

मी स्कूटर बंद केली. आणि अगदी जपून विचारलं, जसं एखाद्या तक्त्याच्या शेवटच्या आकड्याला विचारावं, की हे कधीचं? पावसाळा होता का?

"नाही हो. स्वेटर होता. ज्या दिवशी महाकालला हल्दी लागते तो दिवस. ते मला पण लावायचे इथे," तिने कपाळावर बोट ठेवलं, "आणि टीचर रागवायची. केजीत एकदा आणि पहिलीत एकदा. पक्का."

केजीत एकदा आणि पहिलीत एकदा. म्हणजे त्या दुपारच्या आदल्या वर्षी, आणि त्या दुपारच्या आधी तीन आठवडे.

मी तिला ती दुपार सांगितली. आजी, उडीद, माझा लांब कागद, आजीचा प्रश्न. तिला कागद आठवत होता, त्याच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या तिने नंतर फाडून घेतल्या होत्या. बाकी फारसं आठवत नव्हतं. मी विचारलं, तू तिथेच होतीस. तू का नाही बोललीस?

"मला कुणी पूछलंच नाही," ती म्हणाली. "आणि आबांनी तर बाहेर पाठवलं."

हो. आबांनी बाहेर पाठवलं. त्यांच्या बाजूचा एकच साक्षीदार त्या खोलीत होता, आजीला टेकून बसलेला, आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांनी तिच्या ओंजळीत हरभरे भरले आणि तिला बाहेर खेळायला पाठवलं. सात वर्षांच्या मुलीला कशासाठी उभं करायचं. वहीत चुकीची तिथी लिहिणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलालाही त्यांनी उभं केलं नव्हतं.

मी केतकीला शाळेत सोडलं. परत आलो तेव्हा घरात कुणी नव्हतं, ही भाजीला गेली होती. स्कूटर स्टँडवर घेताना ती आपटू नये म्हणून मी तिला हाताने आधार दिला. मधल्या खोलीत खिडकीत ती वाटी होती, रिकामी, उन्हात. मी जेवलो नव्हतो. आजी जशी बसायची तसा मी खाली बसलो. प्रश्न मला विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर सहा वर्षं माझ्याकडे बाकी होतं. हाताला अजून तीन तीळ होते.

मी मोठ्याने म्हणालो, "हो, आजी. नाना जात होते."